सूचक, अनुमोदक

फाटकाच्या अलीकडचं डांबर ग्रामपंचायतीचं,
पलीकडचं महापालिकेचं,
मधले रूळ भारत सरकारचे,
आणि खडीतून वर येणारा टाकळा
कुणाचाच नाही.

मी पंचायतीचा लिपिक. बावीस वर्षं
इतिवृत्तं लिहितोय.
‘सखोल चर्चा झाली’ असं मी लिहिलं
की भांडण झालं असं समजावं.

लहानपणी मालगाड्या दिवसाला सहा-सात.
डबे मोजायचो, शेवटच्या डब्यातल्या गार्डला
हात केला की तोही करायचा.
आता चोवीस.
लोणीच्या तेलाच्या टाक्या, चिंचवडच्या मोटारींचे दुमजली डबे,
सिमेंट, खत, कंटेनरवर कंटेनर,
दोन इंजिनं पुढे, एक मागे,
आणि शेपटाला गार्ड नाहीच कधीकधी,
नुसता एक लाल दिवा लुकलुकतो.
त्याला हात काय करायचा?

टेम्पोत गुलाबाची कलमं माना टाकतात.
शाळेच्या व्हॅनमधली पोरं तिथंच डबे संपवतात.
‘फाटक लागलं होतं’ या कारणावर
आमच्याकडे एक सोयरीकसुद्धा मोडलेली आहे.

सभा ठेवली हद्दीवरच्या मंगल कार्यालयात,
कारण कुणी कुणाच्या कचेरीत जाईना.
खुर्च्यांवर आदल्या दिवशीच्या लग्नाची सॅटिनची झालर,
मागच्या भिंतीवर थर्माकोलचं ‘शुभविवाह’,
त्याखाली एका बाजूला पालिका, एका बाजूला पंचायत,
मधे रेल्वेचे साहेब, भटजींच्या जागी.

बागवान मॅडम म्हणाल्या,
पुलाचा उतार तुमच्याकडे उतरतो, जागा तुम्ही द्या.
सरपंच यमुनाताई कुंजीर म्हणाल्या,
देऊ की. पाणी कुणाच्या दारात तुंबणार तेवढं आधी सांगा.
साहेब म्हणाले, रुळांवरचा तुकडा आमचा,
बाकी तुमचं तुम्ही बघा.
म्हणजे आभाळात मधोमध पूल,
चढायला वाट नाही, उतरायला नाही.
सखोल चर्चा झाली.

मग फाटकावरच्या खैरेंना आत बोलावलं.
ते खुर्चीवर बसले नाहीत.
पिशवीतून काढली दोनशे पानी वही,
सरकारी नव्हे, नातवाची उरलेली,
आणि बोट ठेवून वाचायला लागले:

‘चौदा मार्च. पहाटे तीन चाळीस. एकोणतीस मिनिटं.
पलीकडे रुग्णवाहिका, रिकामी.
अलीकडे रिक्षात बाई, दिवस भरलेली.
मी बत्ती धरली.
तीन अठ्ठावन्न. मुलगी.’

पुढच्या ओळीवर बोट गेलं,
‘पंधरा मार्च. सकाळी सहा पाच...’
तेव्हा मॅडम म्हणाल्या, थांबा.

ठराव असा:
पालिकेची एक रुग्णवाहिका रात्रीची
पंचायतीच्या पाण्याच्या टाकीखाली उभी राहील.
डिझेल पंचायतीचं.
गाडी सुटली की रेल्वे दोघांनाही फोन करील.
खडीचे डंपर रात्री दहानंतर.
चालकाचा चहा कोणत्या खात्यातून,
यावर पुन्हा सखोल चर्चा झाली.
पूल पुढच्या सभेत.
सूचक: बागवान. अनुमोदक: कुंजीर.
एका ठरावाला दोन गावांच्या सह्या,
छापील कागदावर जागाच नव्हती,
मी समासात घेतल्या.

निघताना खैरेंकडून वही मागून घेतली.
त्या पोरीचा बाप नर्सरीत कलमं बांधतो,
पाच महिने दाखल्यासाठी हेलपाटे घालत होता.
पालिका म्हणे, अलीकडे झाली.
पंचायत म्हणे,
म्हणजे मीच म्हणालो होतो,
पलीकडची असेल.

नोंदवही उघडली.
जन्मस्थान: रेल्वे फाटक.
अलीकडे की पलीकडे, ते लिहिलं नाही.
बाहेर गाडी लागली होती.
मोजले. एकोणसाठ.