एकोणिसावं दार

दार वाजवायचं ते बोटांच्या सांध्यांनी.
तळहाताने पोलीस वाजवतात, आणि हप्तेवाले.
मग दोन पावलं मागे सरून उभं राहायचं,
बादली पुढे, शिडी मागे,
कुत्र्याशी नजर नाही, माणसाशी थोडी.
हे मला शिकवलं दामू शिरोडकराने,
ज्याने तीस वर्षं विमा विकला
आणि स्वतःचा काढायचा विसरला.

बोगमाळ्याच्या हॉटेलात सात वर्षं काचा पुसल्या मी.
तिथे दार वाजवावं लागत नसे.
आपोआप सरकायचं, मी आत, मी बाहेर.
एका सोमवारी ते माझ्यासाठी सरकलं नाही.

मांगोर हिल, वास्को. सकाळचे नऊ.
पहिल्या दाराला साखळी, साखळीमागे अर्धा चष्मा.
"खिडक्या," मी म्हटलं.
"आमकां आसात खिडक्यो."
दार लागलं. खोटं काहीच बोलली नव्हती बाई.

चौथ्या फाटकावर एक काळी डबी,
डबीतून पुण्याचा आवाज: काय हवंय?
मी डबीला दर सांगितला,
चाळीस रुपये खिडकी, गज पुसणं फुकट.
डबी जरा खोकली, म्हणाली, डिसेंबरात बघू.

अकराव्या घरात कुणी गेलं होतं.
बादली भिंतीशी ठेवून मीही उभा राहिलो लोकांत.
ताडपत्री बांधायला त्यांना शिडी हवी होती.
दिली. तास गेला.
पैशाचं कुणी बोललं नाही, मीही नाही.

आणि सगळीकडे तो एक प्रश्न,
जो दामूने शिकवला नव्हता:
पुसून काय होणार?
बंदराला जहाज लागलं, वारं इकडे फिरलं,
की गुरुवारपर्यंत परत कोळसा.
मी म्हणायचो, जेवतोसुद्धा रोजच ना आपण?
तेराव्या दारापर्यंत हे मला पटत होतं.

एकोणिसाव्या दारावर पाटी: एर्मेलिंदा कुलासो,
खाली पुसट अक्षरात, नर्स.
तिने माझं बोलणं ऐकलंच नाही.
माझा हात धरून उलटा केला,
नखं पाहिली, खोकून दाखव म्हणाली.
मी खोकलो.
"बरो आसा. सात खिडक्या आहेत. सहा पूस."

मी सहा पुसल्या.
पाणी तीनदा बदललं, तिन्ही वेळा शाईसारखं.
पहिल्या खिडकीत चर्चचा क्रूस आला,
तिसरीत शेजाऱ्याचे वाळत घातलेले बांगडे,
पाचवीत समुद्र, एवढासा,
दोन इमारतींमध्ये अडकलेला.
ती खुर्ची ओढून पाचवीपाशी बसली
आणि बराच वेळ माझ्याशी बोलली नाही.

सातवी स्वयंपाकघरातली.
सवयीने फडका तिकडे गेला, तर ओरडली.
काच नव्हतीच दिसत, नुसती काळी पाटी,
आणि पाटीवर बोटाने काढलेल्या तारखा,
जुन्यांवर नवी धूळ बसून अर्ध्या बुजलेल्या.
"साहेब लोक पाहणीला येतात तेव्हा म्हणतात,
कुठे आहे धूळ?
ही ठेवलीय त्यांच्यासाठी."
"आले होते?"
"येतील."

दोनशे चाळीस रुपये, सुटे.
दर पंधरा दिवसांनी ये.
आणि ते पाणी माझ्या माडाच्या मुळात ओतू नकोस.
मग कुठे ओतू, ते तिलाही सांगता येईना.
दोघं बादलीकडे बघत राहिलो.

बादली तशीच भरलेली घेऊन चढ चढलो.
विसावं दार पांढरं, नुकतंच रंगवलेलं.
वाजवलं, दोन पावलं मागे सरलो,
आणि दिसले माझ्या सांध्यांचे चार काळे ठसे,
दारावर, नीट ओळीत.
आतून पावलं येत होती.
बाहीने पुसायला पुढे झालो,
मग थांबलो.
असू दे. नमुना.