भरती वर्षातून एकदा

गुहागरचं ठरलं होतं.
शाहीनने माडाखालची खोली पाहून ठेवली होती,
तेजूने बादली आणि फावडं.
मग बँकेने रजा दिली दोनच दिवसांची,
आणि दोन दिवसांत लातूरची माणसं
समुद्राला शिवून परत येऊ शकत नाहीत,
निदान गाडी मी चालवत असले तर नाही.

म्हणून पैठण. धरणाचं पाणी.
बादली तरी बरोबर घेतलीच तेजूने.

अंबाजोगाई, केज, मांजरसुंबा.
घाटात तिसरा गिअर पडेना,
मागचा ट्रकवाला हॉर्नवरच माझा उद्धार करत होता.
शाहीन म्हणाली, जाऊ दे त्याला पुढे,
त्याला घरी कुणी विचारत नसेल.
गेवराई सोडल्यावर ऊन असं
की लांबचं डांबर ओलं दिसायचं
आणि जवळ गेलं की कोरडं.
हाच का, मावशी?
नाही रे. हा अजून नाही.

शेताच्या तोंडाशी पत्र्याची पाटी:
किनारा कृषी पर्यटन. राहणे, जेवण, समुद्रदर्शन.
'समुद्र'वर कुणीतरी चुना फासला होता.
चुना उडालाय, शब्द आहे.

रायभान गोर्डे तांब्या घेऊन आले.
"हसा ताई, समदे हसत्यात.
पर हितं हुबं राहून बघा, पल्याड दिसतंय का?"
नव्हतं दिसत.
मोसंबीच्या रांगा संपल्या की उतार,
उतार संपला की निळं,
आणि त्या निळ्याला काठ कुठेच नाही.
लाटाही होत्या, वीतभर.
शाहीन गप्प झाली.
शाळेत तपासणीला साहेब आले तरी ती अशी गप्प होत नाही.

रात्री येसरची आमटी, भाकरी, तळलेला मासा.
तेजूला काटे काढून देता देता
कौसाबाई म्हणाल्या, भरती आमच्याकडंबी असती की,
पर वर्साला एकदाच.
गणपतीच्या टायमाला पाणी येतं मोसंबीच्या बुडाशी,
आन सक्रातीपासून जे उतरतं
ते उतरतच ऱ्हातं.
आमी त्याच्या मागं मागं पेरत जातो.
गाळपेरा म्हंत्यात त्याला.

बाजेवर पडलो. अंधारात पाणी वाजत होतं,
एखादी म्हैस न थांबता पीत असावी तसं.

सकाळी रायभान पुढच्या सीटवर येऊन बसले.
"चला, घ्या गाडी खाली."
खाली कुठे?
"समिंदरात."

वाळलेला गाळ, भेगाळलेला,
भेगांतून काकडीचे वेल, पलीकडे टरबुजं,
आणि शिंपले, काळपट, साधेच,
उघडले की आत पहाट.
तेजू दर दहा पावलांना गाडी थांबवायला लावी.

"डाव्या अंगानं घ्या. हितं आड हाये."
मला सपाट गाळ दिसत होता.
"बुजलाय. पर हाये."
मी डाव्या अंगाने घेतली.
"ही गल्ली बारीक. समोरून म्हैस आली
तर बैलगाडीच माघारी फिरायची."
मी आरसे मिटून घेतले.
"आता सावकाश. शाळेचा कोपरा."

त्या मोकळ्या, सपाट, उन्हातल्या जागी
जिथे कोसभर कुणी नव्हतं
मी हॉर्न वाजवला.

रायभानांनी माझ्याकडे पाहिलं, मग बाहेर.

मागून तेजू ओरडला, मावशी, आपण बुडालो!
त्याच्या हातात फोन: सगळा नकाशा निळा,
आणि मधोमध आमचा ठिपका
सावकाश सरकणारा.
रायभानांनी फोन घेतला,
दोन बोटांनी निळं मोठं केलं,
अजून मोठं, अजून,
आणि काही न बोलता परत दिला.
"काकड्या घ्या चार," म्हणाले, "उन्हाच्या बऱ्या."

लातूरला गाडी धुतली तेव्हा
चाकांतून निघालेला गाळ नालीपर्यंत गेला.
गुहागर दिवाळीत बघू.
शिंपले बादलीतच आहेत,
वास मारतात,
तेजू फेकू देत नाही.