वाऱ्याच्या पायाचं माप

आठवड्याला मोजून मिळतो आम्हाला वारा.
नियमच तसा. गेल्या साली जिंकले त्यांना कमी,
आम्ही आठवे, म्हणून थोडा जास्त:
हरल्याची भरपाई.

बोगद्यातली गाडी साठ टक्के मापाची.
चाकांखाली पोलादी पट्टा पळतो,
ती जागच्या जागी, वरून एका दांड्याला टांगलेली,
आणि आम्ही काचेमागे, हातात गार झालेला चहा,
एका आकड्याकडे डोळे लावून.

माझा बाप नॉर्थॅम्प्टनच्या कारखान्यात
बुटांचं कातडं कापायचा.
आधी अंगठ्यानं ताणून बघायचा:
पाठीचं कुठे तटतं, पोटाचं कुठे सैल पडतं.
मी कार्बनचं कापड कापते.
एक थर उभा, एक पंचेचाळीस अंशात,
तोच चाकू, तशीच खाली घातलेली मान.
"रोवेना, कड कधी नागडी ठेवू नये," तो म्हणायचा,
"पाय तिथेच सोलतो."

वारा वाहील तशी पाठ द्यावी, म्हणतात.
इथे पाठीचं फारसं काही नाही,
खेळ सगळा पोटाचा.
पोटाखालच्या चिंचोळ्या वाटेनं वारा पळतो
आणि पळता पळता गाडीला
जमिनीकडे ओढून धरतो.
विमान ज्या कारणानं उडतं
त्याच कारणानं ही उडत नाही.

ब्रिटनीहून आलेल्या तांगी ल गॉफनं
फ्लोअरच्या कडेला एक पाकळी काढली,
चमच्याच्या दांडीएवढी.
चार महिने तीच.
मार्चमधल्या एका पहाटे, तीन वाजता,
आकडा वर गेला आणि वरच राहिला.
कुणी ओरडलं नाही.
तांगीनं मग खाली ठेवला, उचलला, परत ठेवला.

मग पूर्ण मापाचा भाग बनला, बार्सिलोनाला गेला,
आणि तिथे काहीच झालं नाही.
गाडी वळणात घसरायची तेवढीच घसरली.
रॉकेलमध्ये कालवलेला हिरवा रंग
फ्लोअरला फासून त्यांनी एक फेरी मारली,
फोटो पाठवले.
पाकळीपर्यंत रेघा नांगरटीसारख्या सरळ,
पुढे नुसतं हिरवं डबकं.

मी फोटो मोठा केला. आणखी मोठा केला.
कड धारदार होती, ड्रॉइंगमध्ये होती तशीच.
नागडी.
आणि पोटात गोळा आला.
त्या रात्री मॉडेलवरून हात फिरवताना
माझा अंगठा तिथे अडला होता,
आणि मी कुणाला न विचारता
सँडपेपर घेतला होता.

सांगायला मी उशीर केला: एक अख्खी शिफ्ट.
तांगीनं मॉडेल स्कॅन केलं.
शून्य पूर्णांक चार मिलिमीटर.
बराच वेळ पडद्याकडे बघून तो म्हणाला,
"म्हणजे महिनाभर आपण वारा
तुझ्या अंगठ्यावर घातला."
रागानं म्हणाला की कसं, मला कळलं नाही.
मी बाहेर आले. पार्किंगपलीकडे मोहरीसारखी पिवळी शेतं,
आणि वाऱ्यानं माझ्या हातातून
मोटारीचं दार हिसकावून घेतलं.
हा वारा कोण मोजतं?

आता ड्रॉइंगमध्ये ती गोलाई आहे,
तिच्यापुढे सुधारणेचा क्रमांक, तारीख,
तांगीची सही.
नवा भाग गेला. रेघा शेवटपर्यंत गेल्या.
शर्यतीत पहिल्याच वळणावर
कुणाचं तरी चाक आत घुसलं
आणि केशरी कपड्यातल्या एका माणसानं
खराट्यानं आमचे चार महिने
रस्त्याच्या कडेला लोटले.

मंगळवारी खोक्यातून तुकडे परत आले.
तांगी म्हणाला, फेकून दे, उपयोग नाही.
बापाकडे कुणी झिजलेला बूट आणला
तर तो तळवा बघायचा नाही आधी.
मी हातमोजा काढला.