पेन्सिलीची खूण

सातवा महिना. डागाच्या ओपीडीत
पंख्याखालचा बाक मिळाला म्हणून मी खूश,
तेवढ्यात ती आली, पुठ्ठ्यावर कागद लावलेली,
नर्सिंगची शिकाऊ असावी, हातावरची मेंदी अर्धी उतरलेली.
"ताई, सहा महिने फक्त अंगावरचंच पाजायचं ठरवलंय का?
होय, नाही, की अजून ठरलं नाही?"

होय, म्हटलं मी.
तिनं पेन टेकवलं, तर म्हटलं, थांब जरा.

तारीख मेच्या शेवटाची आहे.
नवतपा असेल, कूलरची खस वाळून कडकडीत,
आणि सासूबाई आत्तापासूनच म्हणून राहिल्या,
"एवढ्या तापत्या उन्हात लेकराले पाण्याचा थेंब नाही काय वो?
चिमण्याइलेही आपण पाणी ठेवतो."
चिमण्यांचं खरं आहे. ते भांडं मीच भरते.

शेजारच्या पराते काकू सांगतात,
पहिलं पिवळं दूध पिळून टाकायचं, बाधतं.
म्हशीच्या चिकाचा खरवस मात्र
त्यांनीच मागच्या महिन्यात वाटीभर आणून दिला होता,
वरून वेलची घालून.

गिरधर मोबाईलवर सगळं वाचतो.
"आपण सहा महिने पाजू," म्हणतो.
आपण!

आणि गांधीबागेतलं दुकान.
दहा ते आठ साड्या उलगडायच्या, पुन्हा घड्या घालायच्या.
शेठ चांगला आहे, सगळेच म्हणतात.
"दीड महिना घे, बेटा," म्हणाला,
जसा एखाद्या साडीवर शंभर रुपये सोडतो.
दूध काढून ठेवता येतं म्हणे.
कुठे काढू? फॉलच्या गठ्ठ्यांमागे?
संडास आहे. कडी नाही.

आईकडे फळीवर एक जुना पावडरचा डबा आहे.
वरचं गुटगुटीत बाळ घासून घासून गेलं,
एक डोळा तेवढा उरलाय. ती त्यात मोहरी ठेवते.
गेल्या रविवारी विचारलं,
माझ्या वेळी तुला दूधच नव्हतं का गं?
फोडणी तडतडून शांत झाल्यावर बोलली,
"होतं ना. हिंगण्याच्या कंपनीत
पदर ओला व्हायचा माझा.
सुट्टी नव्हती."

एवढं सगळं काही मी त्या पोरीला सांगितलं नाही.
पेन्सिल आहे का, एवढंच विचारलं.
तिनं अंबाड्यातली काढून दिली.
"होय"वर खूण केली, फिकी,
पण कागदाच्या पाठीवर उमटेल एवढी.
जाता जाता ती म्हणाली,
"उन्हाचं म्हणाल तर पाणी तुम्ही प्या भरपूर.
बाळाला त्याचं त्यातच मिळतं."

घरी आल्यावर हे जेवताना सांगितलं.
सासूबाई काही बोलल्या नाहीत, भाकर मोडत राहिल्या.
शेठशी बोलायचं अजून बाकी आहे.

सकाळी पाहते तर माझ्या खाटेपाशी
नवाकोरा माठ, विटांवर ठेवलेला, काठोकाठ भरलेला.
अजून मार्चच आहे, मी म्हटलं.
"राहू दे," म्हणाल्या,
"नवा माठ लगेच थंड नाही करत.
त्याले आधी पाझरू द्या लागते."