शिरोरेषा

दगडाच्या या अंगाला कोरलंय म., त्या अंगाला गु.
मधल्या फटीत मुंग्यांनी संसार थाटलाय,
त्यांना दोन्ही अक्षरं वाचता येत नाहीत.
माझी बीट इथं संपते.
माझा मोबाईलसुद्धा इथंच पक्ष बदलतो,
चार पावलं उतरलं की टिंग वाजतं:
गुजरातमध्ये आपले स्वागत आहे.
खाली नदी. तिचं नावच पार,
म्हणून तिला हद्दपार कुणी करू शकत नाही.

नोकरीच्या पहिल्या वर्षी सापडलेला फास
गाडीच्या क्लच वायरचा होता.
करवंदीच्या जाळीत, भेकराच्या मानेच्या उंचीवर,
आणि गाठ अगदी
माझा आजा बैलाच्या दाव्याला मारायचा, तशी.
भेकर नव्हतं. केस होते. थोडं रक्त,
आणि फरफटत नेल्याची एक वाट, थेट पाण्यापर्यंत.
समोरच्या वाळूत तीच वाट पुन्हा सुरू झालेली
मला चष्म्याशिवाय दिसत होती.
मी काठावर. बूट कोरडे.
लिहिलं: अज्ञात इसम, हद्दीबाहेर पसार.
असे सात कागद आहेत सुरगाण्याच्या कपाटात, माझ्या सहीचे.
एकाही कागदात खोटं नाही.
तेच तर.

मग नाशिकला बैठक झाली.
दोन्हीकडचे साहेब, द्राक्षांच्या बशा,
पडद्यावर नकाशा, आमचं राज्य पोपटी, त्यांचं पिवळं.
कुणीतरी म्हणालं, समन्वय.
सगळ्यांनी वहीत लिहिलं, समन्वय.
ग्रुप निघाला. पुढचे तीन आठवडे त्यावर
गुलाबाची फुलं आणि सुप्रभात.

एका रात्री सव्वादोनला
गुलाब नसलेला पहिला मेसेज आला.
देवजी गांवित, धरमपूर रेंज. गुजरातीत.
मला गुजराती येत नव्हतं.
अंथरुणात बसून अक्षरांकडे बघत राहिले;
चेहरे ओळखीचे, घरातलेच,
फक्त डोक्यावरची रेघ नाही.
मनातल्या मनात एकेकाला रेघ देत गेले
आणि ती बोलायला लागली:
बे माणस. एक बाइक. कोथळो. तमारी तरफ आवे छे.

मी, चिंतामण चौकीदार आणि एक बॅटरी.
आम्ही अलीकडून उतरलो, देवजी त्यांच्या मागून.
पाण्याच्या मधोमध सगळ्यांची गाठ पडली.
कुणाच्या राज्यात, ते मोजलं नाही.
बूट भरले. दोघांतला एक
बाइक तिथंच टाकून अंधारात निसटला.

पोत्यात खवल्या मांजराचे खवले होते,
वाळलेले, म्हाताऱ्या माणसाच्या अंगठ्याच्या नखांसारखे.
चार किलो दोनशे ग्रॅम.
म्हणजे किती जीव, हे कुणीच विचारलं नाही.
हाती लागलेला माणूस माझ्याकडे बघत राहिला, मग म्हणाला,
"बाय, तू आंबूपाड्याची ना?
तुझ्या मावशीच्या लग्नात मीच पावरी वाजवलेली."
मावशी तिकडंच दिलीय.
आठवलं. रात्रभर नाचलो होतो त्या पावरीवर.
पोतं ज्याच्यासाठी होतं, त्याच्या गाडीचा नंबर
तिसऱ्याच राज्याचा निघाला.
त्या राज्याशी आमची अजून बैठक व्हायचीय.

पहाटे दोन पंचनामे झाले.
एकाच माणसाचं नाव, दोन तऱ्हांनी.
पावरीवाल्यानं दोन्हीकडं अंगठा दिला,
अंगठ्याला कुठली आलीय शिरोरेषा.
देवजीनं माझा कागद हातात घेतला,
आणि वाचता यावं म्हणून
प्रत्येक ओळीवरची रेघ
तर्जनीनं झाकत, झाकत गेला.

अजूनही फास सापडतात. कालच दोन.
मी फोटो काढते, पाठवते.
पलीकडून उत्तर येतं. कधी लगेच,
कधी उजाडल्यावर,
कधी नुसताच गुलाब.