तीनशे साठ

जळगावात, माझ्या टेबलावरची स्क्रीन एकोणीसशे वीस रुंद.
तिच्यावर बोरोलेशेठची वेबसाइट मी अशी मांडली
की केळीची बाग या कडेपासून त्या कडेपर्यंत,
वर निळं आभाळ. तेही माझ्या पसंतीचं.
शेठ म्हणाले, झकास.
पण पाहिली त्यांनी माझ्याच खुर्चीत बसून,
कूलरसमोर.

मग सावद्याला गेलो, वजनकाट्यावर.
मे महिना, दुपारचे दोन.
घड उतरवून आलेला पितांबर
पत्र्याच्या सावलीत फोन डोळ्यांशी धरून उभा.
अंगठा केळीच्या चिकानं काळा,
काचेला तिरपा तडा,
तड्याखाली कुठेतरी मी केलेलं काम.

"नंबर कुढी गेला, भाऊ?"

नंबर होता.
आभाळाच्या उजव्या टोकाला,
फोनच्या दीड बोट बाहेर.

त्यानं बाग सरकवली, पुन्हा सरकवली,
मग काट्यावरच्या पोराला विचारून
बॉलपेन जिभेला लावलं
आणि डाव्या तळहातावर लिहून घेतला:
मोठे आकडे, दोन ओळी,
मधे श्वास घ्यायला जागा.

मी तो हात पाहत राहिलो.

रात्री नवी फाइल उघडली. रुंदी तीनशे साठ.
आधी नंबर. मग आजचा भाव, मग गाडी किती वाजता.
बाग गेली तळाला,
तिचाही एकच घड उरला.

सकाळी शेठचा फोन:
"मोठ्या स्क्रीनवर ओकंओकं दिसतं रे.
मग बिलही तीनशे साठच लावतो का?"

हसलो. बिलाचं नंतर बघू म्हटलं.
आभाळ काही परत टाकलं नाही.