शेपटं

ग्रिम्सबीत मंगळवारी सहानंतर
वाचनालयाच्या वरच्या खोलीत
आठ माणसं ओली जॅकेटं हीटरवर टाकून बसतात.
सगळ्यांच्या बोटांना कॉड माशाचा वास.
लिंबाने जातो म्हणतात. जात नाही.

मी खाली काउंटरवर असते.
झेरॉक्स काढून वर नेऊन देते, आठला कुलूप लावते.
मधल्या वेळात जिन्यावर उभी राहून ऐकते,
मला कोणी काही विचारत नाही.

मॉरीन थ्रेलफॉल
तीस वर्षं बंदरावर बर्फाच्या पावत्या फाडत होती,
आता फुकट शिकवते.
आज शब्दांची नामं करायची, ती म्हणते.
मागे शेपूट लावायचं, झालं.

काइंडला नेस. डार्कला नेस.
फ्रेंडला शिप.
विर्गिनियुस हात वर करतो :
शिप म्हणजे जहाज ना?
जहाजच. पण इथे नाही.
मग मैत्रीत ते आलं कुठून?
मॉरीन खिडकीतून धक्क्याकडे बघते.
तिथे एक क्रेन आहे आणि खूप सीगल.
"आमच्याकडे तर जहाजातूनच यायची," ती म्हणते,
आणि फळा पुसते, पुसायची गरज नसताना.

चाइल्डला हूड, मदरला हूड, नेबरला हूड.
दोमिंगास स्वतःच्या जॅकेटची टोपी दाखवते,
हे हूड?
हो, तेच. नाही, ते नाही.
पण दोमिंगासने लिहून घेतलंय :
मूल, आई, शेजारी,
यांना गार वारा जास्त लागतो.

मग कागद वाटले जातात, माझे, अजून कोमट.
अराइव्ह : अरायव्हल.
रिफ्यूज : रिफ्युजल.
सर्व्हाइव्ह : सर्व्हायव्हल.
लेतेब्राहानने तिन्ही सगळ्यांच्या आधी लिहिले.
हे शब्द तिला पुस्तकातून नव्हे,
टपालाने आलेले आहेत,
खिडकीच्या पाकिटांतून, खाली सही.

चौथा होता वेट.
तिने लिहिलं वेटल.

मॉरीनचं लाल पेन उघडलं आणि तसंच राहिलं.
याला शेपूट नसतं, डिअर.
नुसतं वेट. फार तर वेटिंग.

चार वर्षं सात महिने, लेतेब्राहान म्हणाली,
बोटं न मोजता.
आणि अरायव्हलला आहे, एका दिवसाला,
रिफ्युजलला आहे, एका कागदाला.
याला नाही?

कोणीतरी हीटरवरचं जॅकेट उलटं केलं.
विर्गिनियुस काही बोलणार होता, बोलला नाही.

माझ्या भाषेत शब्दाआधी येतो तो उपसर्ग.
थंडीने घशाला होतो, तोही उपसर्गच.
कचेऱ्यांमधून अन, डिस, मिस, नॉन,
नावाआधी येऊन बसणारे, तेही.
मागून येतो तो प्रत्यय.
आणि तो येतो म्हणतात,
कोणी लावला म्हणत नाहीत.
हे मी वर जाऊन सांगू शकले असते.
पण मॉरीन आधीच पुढच्या ओळीवर गेली होती,
आणि वेट राहिला नामानिराळा.

आठला सगळे उतरले. आठ दहाची बस.
मॉरीन "कुलूप नीट ओढ गं" म्हणाली, नेहमीसारखी.

दिवे मालवताना
बाकावर एक कागद सापडला.
पुढच्या बाजूला लाल खूण नव्हती,
बरोबरची नाही, चुकीचीही नाही.
मागे, पेन्सिलने, एकाखाली एक :
वेटमेंट.
वेटहूड.
वेटनेस. (मी देवनागरीत लिहून पाहिलं,
तर नुसता ओलावा झाला.)
आणि सगळ्यात खाली, जोर देऊन, कागदाला भोक पडेपर्यंत :
वेटशिप.

मी कागद काचेवर ठेवून एक प्रत काढली.
का काढली, सांगता येणार नाही.
मूळ कागद तिच्या फाइलमध्ये सरकवला.
प्रतीला वास नव्हता.